खडूची खूण

३ ऑक्टोबर

ताई,

वर काय लिहायचं यातच दोन कागद गेले. ‘तीर्थरूप’ लिहिलं तर तू हसशील आणि ‘प्रिय’ लिहिलं तर पत्र तिथल्या तिथे फाडशील. म्हणून नुसतं ताई.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की दोन निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचलास, आणि पुढे सामसूम. खुणांवर किती विश्वास ठेवायचा हे आपल्या दोघींना कुणी शिकवायला नको. म्हणून कागद. तरणतलावाच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण घरचा तू दिलेला नाहीस. तिकीट खिडकीत बसून वाचून होईल एवढंच लिहीन.

कळवायचं असं की ती शाळा शिबिराला परत येते आहे. होय, तीच. एकोणीस तारखेपासून तीन दिवस, चौथीचा वर्ग, बेचाळीस मुलं. मागे आली होती तेव्हा ही मुलं दुसरीत होती. काल यादी आली. यादीत खार आहे आणि मुंगीही आहे. त्यांची खरी नावं मला तोंडपाठ आहेत, चौकशीच्या कागदांवर इतक्यांदा लिहिली. पण तू फाटकात उभी राहून प्रत्येक पोराला शिबिराचं नाव द्यायचीस, ‘खरं नाव इथे पेटीत टाका, जाताना परत मिळेल’ म्हणायचीस, ती नावंच माझ्या हातून लिहिली जातात. खार, कारण बसमधून उतरल्याबरोबर ती फाटकाजवळच्या झाडावर होती. मुंगी, कारण तिच्याहून मोठी पिशवी तिने कुणाला उचलू दिली नाही.

खार चढायच्या मनोऱ्यावरून पडली त्याला दोन वर्षं होतील. चौकशीत तू म्हणालीस, दोर माझ्या हातात होता, जबाबदारी माझी. मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते, तोंडात मिठाची गुळणी धरून. पंधरा दिवसांत तू संस्था सोडलीस. मी राहिले. तुझ्या टेबलावर आता मी बसते.

मार्चमध्ये आई गेली तेव्हा तू आलीस. चार दिवस आपण एका खोलीत राहिलो आणि बोललो काय, तर कपाटाच्या चाव्या, गॅसचं कार्ड आणि तिच्या चष्म्याचं काय करायचं. मी रडते का हे तू बघत होतीस, ते मला दिसत होतं. नाही रडले. दाढ काढताना डॉक्टर सुई टोचतात आणि मग गाल आपला वाटत नाही, बोटाने चाचपून बघावा लागतो, तसं माझं सगळंच झालं आहे. खार पडली त्या दिवसापासून. दुखत काही नाही. जेवण जातं, झोप लागते, वजन वाढलंय.

शाळेला ‘या’ म्हणून उत्तर पाठवलं आहे. नाही म्हणायला कारण काय देणार होते?

धाकटी


११ ऑक्टोबर

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी टपाल वाटणारा माणूस दिसला की खुर्चीतून उठते. तो आता मला बघून लांबूनच मान हलवतो.

दोर धरायला तुझ्या जागी आलेल्या माणसाबद्दल तुला कुणी सांगितलं नसेल. मुलांनीच त्याचं नाव कवायत ठेवलं आहे. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ. मला वाटलं नव्याचे नऊ दिवस, पण नाही, माणूस रोज तसाच. वाईट नाही. त्याने मनोरा चार फूट कमी केला, खाली जाड गाद्या टाकल्या, आणि मुलांनी एकमेकांना पट्टे बांधणं बंद केलं. आता मुलं रांगेत उभी राहतात, आम्ही पट्टे बांधतो, शिट्टी वाजते, चढतात, शिट्टी वाजते, उतरतात. फाटकावर ‘आत्मविश्वास आणि संघभावना’ अजून लिहिलेलं आहे. परवाच अक्षरांना नवीन रंग दिला.

तुझी पद्धत मला अजून स्वप्नातसुद्धा म्हणून दाखवता येईल. मुलांच्या जोड्या पाडायच्या. जोडीदाराने जोडीदाराच्या कमरेला पट्टा बांधायचा आणि आखूड दोराचा हूक पट्ट्याच्या पुढच्या जाड कड्यात अडकवायचा. बाजूच्या बारीक कड्यात नाही, ते पाण्याची बाटली लटकवायला असतं, ते ओढलं की तुटतं. मग मोठ्या माणसाने, म्हणजे मी, हात लावून बघायचं आणि हेल्मेटवर खडूने बरोबरची खूण करायची. खूण असेल तरच मूल मनोऱ्यापाशी जाणार, तिथे तू आखूड दोराला मोठा दोर जोडणार आणि धरून उभी राहणार. जो बांधतो तो तपासत नाही. हे वाक्य तू इतक्यांदा म्हणायचीस की स्वयंपाकघरातले मामासुद्धा मीठ टाकल्यावर चव दुसऱ्याला बघायला लावायचे.

अहवाल काल पुन्हा काढून वाचला. ‘जोडीदार बालिकेने हूक चुकीच्या कड्यात अडकवला. ही बाब प्रशिक्षिकेच्या लक्षात आली नाही.’ एवढंच आहे. एक सात वर्षांची पोर आणि एक तू. माझं नाव शेवटच्या पानावर, साक्षीदारांत.

मला त्यांनी दोन प्रश्न विचारले होते, तुला आठवत असेल. खूण तुम्ही केली का? मी हो म्हणाले. तपासून केली का? मी म्हणाले, आमची पद्धतच तशी आहे. हे खोटं नाही, ताई. नीट वाच. पद्धत तशीच आहे.

बघ, अजूनही ताकाला जाऊन भांडं लपवते आहे. आज एवढंच.

धाकटी


१९ ऑक्टोबर

ताई,

आली.

बस थांबली तेव्हा मी भांडारखोलीत हेल्मेटं मोजत होते, तिसऱ्यांदा. खारला कसं तोंड दाखवायचं याची मी आठ दिवस तालीम केली होती. काही उपयोग झाला नाही, कारण तीच धावत आली आणि बाही वर करून मला व्रण दाखवला. कोपरापासून मनगटापर्यंत, शिवण उसवून परत घातल्यासारखा. आत पट्टी आहे म्हणाली, विमानतळावर वाजेल, पण ती अजून विमानतळावर गेलेली नाही. वर्गातली मुलं मागे उभी राहून ऐकत होती, त्यांना सगळं पाठ होतं. तिने विचारलं, नावं देणाऱ्या मावशी कुठे आहेत. मी म्हणाले त्या दुसऱ्या गावी असतात. मग मनोऱ्याकडे बघून म्हणाली, हा एवढाच होता होय? आणि पळाली. तिला काहीही झालेलं नाही, ताई. हात मोडला, जुळला, संपलं. मला हायसं वाटायला हवं होतं.

मुंगी सर्वांत शेवटी उतरली. उंच झाली आहे. पिशवी बाईंच्या हातात होती. त्यांच्या वर्गाच्या बाई त्याच आहेत, तोच छत्रीएवढा घेर आणि तोच घोगरा आवाज. मी मुंगीच्या पायांकडे बघितलं कारण ती स्वतःच खाली बघत होती. चिकटपट्टीचे बूट, लहान पोरांना घालतात तसे. वर्गात दुसऱ्या कुणाचे तसे नव्हते.

दुपारी तंबू उभारायचे होते. सहा-सहांचे गट, प्रत्येकाने एक दोरी खुंटीला बांधायची. मुंगी खुंट्या आणून देत होती, दगड उचलून देत होती, पण दोरी कुणी हातात दिली की खाली ठेवत होती. तिच्या बाजूने तंबू तीनदा बसला. एक मुलगा म्हणाला, हिला साधी गाठ येत नाही. खार पलीकडच्या गटात होती, तिने वळून बघितलं आणि परत आपल्या खुंटीकडे वळली. दोघी बोलत नाहीत. खारच्या आईने शाळेत लिहूनच दिलंय, ह्या दोघींना एका बाकावर बसवू नका.

चहाच्या वेळी बाईंनी बाकीचं सांगितलं. दोन वर्षं मुंगीने गाठ मारलेली नाही. बुटाची नाही, केसांच्या रिबिनीची नाही. बाटलीचं बूच लावलं की दुसऱ्याला बघायला लावते, मग परत लावायला लावते. प्रयोगाच्या तासाला भांड्यांना हात लावत नाही. ‘मी केलं की मोडतं’ असं तिने निबंधात लिहिलं होतं. विषय होता माझी सुट्टी. मग बाई म्हणाल्या, आम्ही तिला सांगून सांगून थकलो की तू लहान होतीस, तुझी चूक माफ आहे.

माफ आहे, म्हणजे चूक तिचीच. तिला ते बरोबर कळलेलं आहे.

मी चहा संपवला आणि कप धुऊन ठेवला.

धाकटी


२० ऑक्टोबर

ताई,

सकाळचे सहा. मुलं उठायच्या आत लिहून टाकते. आता भांडं लपवत नाही.

तुला आठवतं का, मुलं पडायच्या आदल्या दिवशी काय झालं होतं? मुलं नाही, खार. बघ, हातसुद्धा तिचं नाव टाळतो. आदल्या दिवशी धुकं होतं आणि हेल्मेटं ओली होती. ओल्या प्लास्टिकवर खडू उमटत नव्हता. मी खूण करायची आणि ती ओघळून जायची. अकरा मुलं बिनखुणेची रांगेत अडकली, तू त्यांना सोडेनास, जेवण थंड झालं, आणि तू सगळ्यांसमोर मला म्हणालीस, ‘तुला एक काम नीट जमत नाही.’ मामा ऐकत होते, बाई ऐकत होत्या. मी चाळिशीला आले होते, ताई. लहानपणापासून हेच वाक्य ऐकत होते, पण घरात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं. मी पहाटे भांडारखोलीत गेले, हेल्मेटं एकेक करून फडक्याने कोरडी केली आणि सगळ्यांवर आधीच खूण करून ठेवली. चाळीसच्या चाळीस. तपासणार होते गं. रांगेत प्रत्येकाला हात लावून बघणारच होते, फक्त खूण तयार असेल, वेळ जाणार नाही, आणि तू काही बोलणार नाहीस. पहिल्या सतरा मुलांना मी बघितलं. मोजून सतरा. मग रांगेत एका मुलाला उलटी झाली, मी त्याला घेऊन नळावर गेले. तोंड धुतलं, पाठ चोळली. पाच मिनिटं.

एरवी मी गेले तर रांग थांबते. खूणच नसते, पुढे कोण सोडणार? त्या दिवशी थांबली नाही. थांबायला कारणच नव्हतं. खार पुढे आली, डोक्यावर खूण होती, हूक जाड जाकिटाखाली झाकलेला होता. तू खूण बघितलीस आणि दोर जोडलास. तुझी काय चूक? तुझीच पद्धत तू पाळलीस.

मी नळावरून येत होते तेव्हा ती वरून सुटली. कडं तुटल्याचा आवाज फार बारीक होता, शिवणीचा दोरा तुटावा तेवढाच.

आता खरं सांगायचं ते पुढेच आहे. तू तिच्याजवळ गुडघ्यावर बसली होतीस. बाई रुग्णवाहिकेला फोन करत होत्या. मुंगी रांगेबाहेर येऊन ‘मी लावला होता, मी लावला होता’ म्हणत होती. आणि मी रांगेतल्या उरलेल्या मुलांच्या हेल्मेटवरच्या खुणा रुमालाने पुसत होते. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून, धीर देते आहे असं वाटेल अशा बेताने. चौकशीला आलेल्यांना तीनच गोष्टी दिसल्या, खारच्या हेल्मेटवर खूण, मागच्यांच्या हेल्मेटवर काही नाही, आणि तुझ्या हातात दोर. सगळं पद्धतशीर. तू वळून माझ्याकडे रुमाल मागितलास, तिच्या तोंडात माती गेली होती. मी नाही म्हणाले. तू ओढणीने पुसलंस.

हे कुणालाच माहीत नाही. आईलाही सांगितलं नव्हतं. ती विचारायची, तुम्ही दोघी का बोलत नाही, मी म्हणायचे, तिचा स्वभाव.

हे लिहून तरी काहीतरी होईल असं वाटलं होतं. होत नाही. बाहेर शिट्टी झाली.

धाकटी


२२ ऑक्टोबर

ताई,

काल शेवटचा दिवस. सकाळी मनोरा. मुंगी चढणार नाही असं तिच्या आईने लिहून दिलं होतं. कवायतने तिला शिट्टी देऊ केली, म्हणाला तू वाजव. तिने तीही घेतली नाही. म्हणून तिला भांडारखोलीत माझ्याजवळ बसवलं, हेल्मेटं पुसायला. पुसायचं काम ती करते. पुसून काही मोडत नाही.

तिला सांगायचं म्हणून पाठ केलेलं सगळं मी विसरले. तिच्या शेजारी पालथ्या बादलीवर बसले आणि सांगितलं, ह्याच खोलीत, तू बसली आहेस तिथेच बसून, मी सगळ्या खुणा आधीच करून ठेवल्या होत्या. खारचा पट्टा मी बघितलाच नव्हता. ती फडकं फिरवत राहिली. मला वाटलं तिला कळलं नाही. मग तिने विचारलं,

“बघितला असता तर दिसलं असतं?”

“लगेच. हात लावला की कळतं.”

“आणि मग?”

“मी म्हणाले असते, हे कडं नाही, ते. तू काढून परत लावला असतास. रोज पाच-सहा जण चुकीचं लावायचे. म्हणून तर मी होते. चुकणं चालणार होतं तुम्हाला, बघणं माझं काम होतं.”

तिने हेल्मेट खाली ठेवलं. ती रडेल असं मला वाटलं, नाहीतर मला मिठी वगैरे मारेल. माणूस दोन वर्षं गप्प बसतो आणि मग मिठीची अपेक्षा करतो. तिच्या चेहऱ्यावर राग होता, चांगला मोठ्या माणसाचा.

“तुम्ही सांगितलं का नाही?”

“भीती वाटली.”

“मलापण वाटली होती,” ती म्हणाली. “पण मी सांगितलं.”

आणि उठून बाहेर गेली. ताई, ती सात वर्षांची होती. दुसरीतल्या पोरीने सगळ्यांसमोर सांगितलं, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मी खूण पुसली.

मी तिथून सरळ बाईंकडे गेले आणि त्यांना सांगितलं. त्या घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाल्या, ‘हे तुम्ही त्या पोरीच्या आईला माझ्यासमोर सांगाल.’ मी हो म्हणाले. मग खारला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे मुंगीने मुद्दाम नव्हतं केलं? मी म्हणाले, मुद्दाम असं तुला कोण म्हणालं? ती म्हणाली, आई. संध्याकाळी पाचला दोघींच्या आया बसच्या थांब्यावर असणार होत्या. मी बसमधून मुलांसोबत गेले. खारची आई काय काय बोलली ते लिहीत नाही. मुंगीच्या आईने फक्त मुंगीची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

आज संस्थेच्या साहेबांना लेखी दिलं. त्याची नक्कल यासोबत आहे. तुला तपासायला पाठवलेली नाही, मूळ प्रत दिलेलीच आहे.

धाकटी


५ नोव्हेंबर

ताई,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी खोली रिकामी करत होते. साहेबांनी महिन्याची मुदत दिली होती, मीच आधी निघते आहे. ते चांगलं बोलले. म्हणाले, झाकली मूठ होती, कशाला उघडलीत, सगळं शांत झालं होतं. मी म्हणाले, एक पोर बूट बांधत नव्हती. त्यांना संबंध कळला नाही. पण अहवाल बदलणार आहेत. मुंगीचं नाव निघेल, तुझंही निघेल, माझं शेवटच्या पानावरून पुढे येईल. पुढे काय होईल ते वकील बघतील. कवायतने पेट्या उचलायला मदत केली आणि जाताना शिट्टी काढून खिशात ठेवली. म्हणाला, जोड्या परत सुरू कराव्यात काय? मी म्हणाले, ताईला विचारा.

फोनवर मला नीट बोलता आलं नाही. तुझा आवाज मार्चनंतर पहिल्यांदा ऐकला, मागे पोरांचा पाण्यात धिंगाणा चालला होता, आणि तू काही विचारपूस न करता म्हणालीस, “मला त्याच दिवशी माहीत होतं.”

मी पेटीवर बसले.

“मी रुमाल मागितला,” तू म्हणालीस, “तू नाही म्हणालीस. आणि तो तुझ्या मुठीत होता. पांढरा झालेला.”

मी विचारलं, मग तू चौकशीत का नाही बोललीस. तू म्हणालीस, तू बोलशील म्हणून. मी म्हणाले, दोन वर्षं वाट बघितलीस? आणि तू म्हणालीस, “मला वाटलं होतं दोन दिवस लागतील.”

मग तू जे म्हणालीस ते मी लिहून ठेवते, कारण नंतर तू कानावर हात ठेवशील. तू म्हणालीस, मीसुद्धा त्या पोरीचा विचार केला नाही, तुझ्यावर राग धरण्यातच माझे दिवस गेले. आई विचारायची तेव्हा तूही म्हणायचीस, तिचा स्वभाव. आणि ‘तुला एक काम नीट जमत नाही’ हे तू म्हणाली होतीस हे तुला आठवतच नव्हतं. मी दोन वर्षं त्या वाक्याच्या आड लपले आणि तुला ते आठवतच नाही. मला हसू आलं, तुला ऐकू गेलं असेल.

शेवटी तू विचारलंस, त्या पोरीने मग काही बांधलं का? तिकिटाला कुणीतरी खिडकीवर टकटक करत होतं. मी म्हणाले, लिहून कळवते.

मागच्या पत्रात मी हे लिहिलं नव्हतं. माझं मलाच त्याचं काय करायचं कळत नव्हतं.

शेवटच्या दिवशी, बस यायला अर्धा तास असताना, मुंगी भांडारखोलीत परत आली. मागे खार. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण एकाच दारातून आल्या. मुंगीच्या हातात मोठ्या माणसाचा पट्टा होता. मला म्हणाली, उभ्या राहा.

मी उभी राहिले. तिला फार वेळ लागला. जीभ बाहेर आली होती. बकलातून पट्टा ओवला, ओढला, सोडला, परत ओवला. हूक लावला. मग बाजूला होऊन खारला म्हणाली, “बघ.” दोन वर्षांतला पहिला शब्द.

खारने बघितलं. नुसतं डोळ्यांनी नाही, दोन्ही हातांनी, चहूबाजूंनी. मागे गेली आणि म्हणाली, इथे पीळ पडलाय.

मी मुंगीकडे बघितलं. ती माझ्या मागे गेली, पट्टा सोडला, पीळ काढला, परत बांधला. पुन्हा म्हणाली, “बघ.” खारने पुन्हा सगळं पहिल्यापासून बघितलं. मग माझं डोकं खाली ओढून त्यावर हेल्मेट चढवलं, ते बाहीने पुसलं आणि खडूने खूण केली. ती मला दिसत नव्हती, खडूची किरकिर ऐकू आली.

मी मनोऱ्यावर चढले. सहा पायऱ्या. कवायतने दोर धरला होता. ह्या वजनाची बाई चढताना बघून मुलं हसत होती. सहाव्या पायरीवर मी हात सोडून पट्ट्यावर बसले, मुलांना शिकवायचो तसं. सगळं वजन पट्ट्यावर आलं आणि तो कमरेत, मांड्यांत करकचून रुतला. मी ओरडले. खाली आले तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं. मुंगी हूक काढत होती, तिने वर बघितलं.

मी म्हणाले, “दुखतंय गं.”

“दुखणारच,” ती म्हणाली. “सैल असला की दुखत नाही.”

नवा पत्ता पाकिटावर मागे लिहिला आहे.

धाकटी